शाळेच्या बाईंचा वाफा

मी मराठी तिसरीपर्यंत शिकलो असं लोकांना सांगतो. खरं बोलायचं तर तिसरीत दिवाळीपर्यंत बसलो आणि उठलो. बाचा उजवा पंजा मोटेच्या नाड्यात सापडला, दोन बोटं कायमची वाकडी झाली, आणि बैलांमागं उभं राहायला घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तेवढ्या शिक्षणावर मी आयुष्यभर बाजार केला, कोर्टाचे कागद वाचले, आणि अंगठा कधी कुठं उठवला नाही. हे लिहायला बसलो तर नातसून म्हणाली, "आबा, तुम्ही सांगा, मी लिहिते." मी म्हटलं, अक्षर वाकडं असलं तरी माझं आहे, राहू दे.

आमचा मळा अमरावतीच्या बाहेर, नाल्याच्या अंगाला. दहा-बारा माळ्यांची घरं, प्रत्येकाची विहीर, आणि प्रत्येक विहिरीच्या चाकाचा आवाज वेगळा. दौलतजींचं चाक दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखं, सगुणाकाकूचं भांडखोर, आमचं बारीक पोर किरकिर करते तसं. माय घरात भाकरी थापताथापता सांगायची, आज दौलतजीनं उशिरा जुंपली, आज सगुणाचा बैल अडला. भाकर दुपारी बांधावर यायची. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, कांदा, आणि बाजारात जे गेलं नाही ते. लोकांना वाटतं माळी रोज ताजी भाजी खातो. माळ्याच्या चुलीवर चांगली भाजी कधी चढत नाही. चांगली टोपलीत जाते. किडलेलं वांगं, वाकडी काकडी, फुलावर आलेली मेथी घरात शिजते. मी लग्न होईपर्यंत बिनकिडीच्या वांग्याचं भरीत खाल्लं नव्हतं, आणि खाल्लं तेव्हा ते मला फिकं लागलं.

वस्तीतली पोरं कमेटीच्या शाळेत असायची. कमेटी म्हणजे म्युनिसिपालटी, आमच्याकडं तिला सगळे कमेटीच म्हणत. पोर चार दिवस दिसलं नाही की कमेटीचा शिपाई नोटीस घेऊन यायचा. त्याचा पट्टा दुरून चमकायचा. "आला रे आला!" अशी हाळी उठायची आणि पोट्टे कांद्याच्या वाफ्यात आडवे व्हायचे. शिपाई दौलतजींच्या विहिरीवर पाणी प्यायचा, एक-दोन मुळे उपटून खायचा आणि जायचा. मग एका हेडमास्तरांनी कमेटीच्या मागं लागून एक बाई मंजूर करून आणल्या. शिकवायला नाही. पोरं शाळेत का येत नाहीत ते घरोघर जाऊन पाहायला. असलं काम आम्ही ऐकलं नव्हतं. त्यांचं नाव सुभद्राबाई, अकोल्याच्या, कोष्ट्याच्या घरच्या. तरुणपणीच कपाळ पांढरं झालेलं, सातवी फायनल पास. शाळेमागच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेऊन एकट्या राहत. तेवढ्यावरून बायकांनी पहिला महिनाभर पुष्कळ तोंडं वाकडी केली.

बाईंची पद्धत वेगळी होती. घरात आल्या की पोराचं नाव काढायच्या नाहीत. मायसमोर बसायच्या, मेथीचा ढीग पुढं ओढायच्या आणि जुड्या बांधू लागायच्या. माळ्याच्या घरी रिकाम्या हातानं बसलेल्या माणसाशी कोणी बोलत नाही, त्याला वेळच नसतो. जो जुड्या बांधतो त्याच्याशी हात न थांबवता बोलता येतं. जुडी नीट येत नसे, माय ती सोडून पुन्हा बांधे आणि म्हणे, "काय वो बाई, सातवी शिकल्या न् गाठ येत नाई?" बाई हसत. त्या हसण्यात कधीतरी माय आपोआप सांगून जाई, की आमची चंद्री शाळेत कावून, म्हणजे का, जात नाई.

चंद्री माझी धाकटी बहीण, तेव्हा चौथीत. सकाळी दव असताना शेवंती तोडावी लागते, उन्हं वर आली की फूल मान टाकतं. चंद्रीची बोटं बारीक, तिच्यासारखी तोडणी कोणाची नाही. फुलं देवीच्या रस्त्यावर पोचवून ती शाळेत जायची तेव्हा घंटा होऊन गेलेली असायची, आणि मास्तर तिला दारात उभी ठेवायचे. आठ दिवस दारात उभी राहिली, मग घरीच राहिली. शिपायाला हे कोण सांगणार? बाईंनी हेडमास्तरांना सांगितलं. दुसऱ्या सोमवारपासून माळ्यांच्या पोरींना उशिरा यायची मुभा मिळाली, पहिला तास पाढ्यांचा ठेवला, आणि ते पाढे बाई स्वतः बांधावर म्हणवून घेऊ लागल्या. शेवंतीच्या वाफ्यात 'एकोणीस साते' ऐकू यायचं. बा म्हणाला, "बाई आहे तंवर जाऊ द्या पोट्टीले. बाई गेली का शाळा सरली." त्याच्याकडं चंद्रीसाठी मुर्तिजापूरकडचं एक स्थळ तेव्हाच आलेलं होतं, हे मला माहीत होतं. चंद्रीला माहीत नव्हतं.

बाई माझ्यासाठीही आल्या होत्या, अगदी पहिल्या आठवड्यात. मी मोटेच्या धावेवर बैलांमागं होतो. मी आधीच बोललो, "मी नाई येत. मोट कोण हाकीन, तुमी?" बाईंनी बाच्या हाताकडं पाहिलं, म्हणाल्या, "बरं." आणि गेल्या. पुन्हा माझ्यासाठी त्या कधी आल्या नाहीत. मला त्याचा राग आला होता. नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारायला काय जातं? आता वाटतं, जे काम त्यांच्या हातचं नव्हतं ते त्यांनी त्या एका 'बरं'मध्ये ओळखलं होतं. पण हे समजायला मला नातवंडं व्हावी लागली.

दोनेक वर्षं बरी गेली. मग कमेटीची निवडणूक होऊन नवी माणसं आली आणि बाईंची मंजुरी गेली. हेडमास्तर स्वतः सायकल ढकलत मळ्यात आले. "कमेटी म्हणते, पोरं आणायला शिपाई आहे. बाई कशाला? ती शिकवत नाही, तिच्या वर्गाचा निकाल नाही, तर तिचं काम कागदावर दाखवायचं कसं?" आत्ता मागच्या महिन्यात माझ्या पणतीच्या शाळेत पालकांची सभा होती. तिथं सांगितलं की मुलांची अडचण ऐकायला एक मॅडम नेमल्या आहेत, पण त्यांच्याकडं बऱ्याच शाळा आहेत, त्या महिन्यातून एकदा येतील. मी उठून विचारलं, "पगार वेळेवर होते का तिचा?" सगळे हसले. म्हाताऱ्याचं काहीतरीच. मी बसलो नाही. मुख्याध्यापकांनी "बघतो आबा" म्हटल्यावरच बसलो.

तर हेडमास्तर गेले आणि वस्ती जमली. अमावस्या होती, अमावस्येला आम्ही बैल जुंपत नसू. दौलतजी वस्तीतले मोठे, त्यांच्या शब्दावर पोरींची लग्नं जमत. ते म्हणाले, "बाई चांगली आहे, पण ठेवाची कशी? माळ्याच्या हातात पैसा सकाळी येते न् संध्याकाळी जाते." मला मिसरूड फुटलेलं, आणि तिसरीत बसलेला मी एकटाच त्या घोळक्यात. मी उभा राहिलो. "पैसा कावून पाह्यजे? जे आहे ते देऊ. एकेका मळ्यातून रोज बाईले वानोळा. बाई काय उपाशी मरते?"

वानोळा म्हणजे आपल्या रानातलं नवं, चांगलं, घरी खायला म्हणून दुसऱ्याला पाठवलेलं. तो मागायचा नसतो आणि त्याची किंमत करायची नसते. आणि घेणाऱ्यानं तो विकायचा नसतो. वानोळा विकणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर फेकणं. बायकांना गोष्ट एकदम पटली. दौलतजींनी माझ्या पाठीवर हात मारला, "वा रे लेका! शाळेतून उठला पण डोस्कं आहे." मी तो दिवसभर छाती काढून हिंडलो.

बाजारात जाताना सगळ्या मळ्यांतला वानोळा माझ्या गाडीवर गोळा व्हायचा आणि तो मी बाईंच्या दारात ठेवायचो. आणि काय वानोळा! ज्या घरांत किडकं वांगं शिजायचं त्या घरांनी बाईंसाठी निवडून काढलेली वांगी, दवातली मेथी, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या, कोवळी चवळी. बाजारात मोठेमोठे अडते विचारायचे, "तुमी म्हणे शाळेची बाई पोसून राहिले?" मी म्हणायचो, "हो. कमेटीले जमलं नाई, माळ्याले जमलं."

बाई वाळत चालल्या होत्या ते मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. आधी आमच्याकडं जुड्या बांधताबांधता चतकोर भाकर खायच्या, आता मायनं कितीही म्हटलं तरी "जेवून आली" म्हणायच्या. सगळ्यांचं घेते, आणखी कोणाच्या ताटात हात कसा घालू, असं त्यांना वाटत असावं. चंद्रीनं एक दिवस जेवताना सांगितलं, "बाईच्या घरी पीठ नाई. बाई नुसती भाजी खाते, उकडून." मी ताट सरकवलं. "गप. तुले काय समजते?" माझी योजना होती ती. माझ्या योजनेत बाई उपाशी कशा राहतील?

तरी दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून मी त्यांच्या गल्लीत शिरलो. दारातच घरमालकीण उभी. मला पाहून म्हणाली, "या, राणीचे कारभारी आले. भाजीत लोळते तुमची बाई. माझं भाडं काय भोपळ्यात देईन?" मी आत पाहिलं. एवढीशी खोली. भिंतीला लागून ओल्या पोत्यावर वांगी मांडलेली, खालची मऊ पडून पाणी सुटलेलं. दोरीवर वांग्याच्या चकत्या वाळत घातलेल्या, एका लुगड्यावर पिवळी पडलेली मेथी. चूल सारवलेली, स्वच्छ, कोरडी. तेलाची बुधली उपडी. माणूस एकटं, आणि दहा घरांची भाजी. मीठ, तेल, ज्वारी, रॉकेल, काडेपेटी यांतलं काहीही आमच्या मळ्यात उगवत नव्हतं, आणि हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. भाजी पिकवणाऱ्याला वाटतं, भाजी झाली की सगळं झालं.

बाई शेंगा निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बस गणपत."

"बाई, हे सडून राहिलं. विकून टाकाचं होतं."

"वानोळा विकतात का?"

"मग सांगाचं तरी होतं."

"कोणाले सांगू? तुमी सारे किती खुशीनं देऊन राहिले. सगुणाकाकू स्वतः कीड पाहून वांगं काढते माह्यासाठी." त्यांनी कोनाड्यातून एक कार्ड काढलं. "भावाचं आलं. अकोल्याले ये म्हणते. महिनाअखेरपर्यंत पाहते, मग जाते." भावाच्या घरी म्हणजे वहिनीच्या हाताखाली दळण, पाणी आणि चूल. त्या ते बोलल्या नाहीत.

शहाण्यानं त्याच दिवशी वस्ती जमवली असती. मी नाही जमवली. माझी चूक कोणाला न दिसता दुरुस्त करायची, हे माझ्या डोक्यानं घेतलं. दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या दारात मूठभर भाजी ठेवायची आणि बाकीचा वानोळा गाडीवरच राहू द्यायचा. तो माझ्या मालाबरोबर विकायचा आणि पैसे मुकाट्यानं घरमालकिणीच्या हातावर ठेवायचे, असं मी ठरवलं. बाई म्हणाल्या, "आज कमी?" मी म्हटलं, "ऊन वाढलं."

तीन दिवस निभलं. चौथ्या दिवशी सगुणाकाकू बाजारातल्या तिच्या पालाकडून माझ्याकडं सुटे पैसे मागायला आली. माझ्या ढिगावरची एक जुडी तिनं उचलली आणि उलटी करून पाहिली. प्रत्येक मळ्याची जुडी बांधायची रीत निराळी. कोणी केळीचं सोपट वापरतं, कोणी पळसमुळी. कोणाचा एक वेढा, कोणाचे दोन. सगुणाकाकूची गाठ दोन वेढ्यांची, शेंडा आत खोचलेला. अंधारातसुद्धा ती ओळखली असती.

"का रे गणप्या, हे माही जुडी. हे तर म्या बाईले देल्ली होती."

मी तिचे सुटे पैसे मोजायला लागलो.

"म्हणजे बाई वानोळा विकते? तुह्या हातानं? अगं माय! आमी लेकराच्या तोंडचं काढून देतो, न् ते बाजार मांडते!"

चार पालं ऐकत होती. 'मी विकतो आहे, बाईंना माहीत नाही' एवढे शब्द बोलायचे होते. मी बोललो नाही. खाली पाहून वांगी सारखी करत राहिलो. आयुष्यात मी पुष्कळांशी भांडलो, पुष्कळांना तोडून बोललो, पण त्या दिवशी गप्प राहिलो तेवढं वाईट मी कधी काही केलं नाही. म्हणून तर हे लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी बाई वस्तीत आल्या तर सगुणाकाकूनं दार ओढून घेतलं. तिसऱ्या घरात बाई खाली बसल्या, पण मेथी कोणी पुढं सरकवली नाही. बाईंना कारण कळेना. आमच्या दारात आल्या तेव्हा बा खाटेवरून म्हणाला, "चंद्री आता नाई येणार. तिले पाहायले पाव्हणे येऊन राहिले." चंद्री माझ्याकडं पाहत होती. मोठा भाऊ म्हणून पाहत होती. बाई म्हणाल्या, "बरं." तेच 'बरं.' आणि वळल्या. शनिवारी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडायची, असं त्या जाताना मायला सांगून गेल्या.

मी धावेवर गेलो. चार फेऱ्या हाकल्या आणि भर दुपारी, वाफे अर्धे कोरडे असताना, बैल सोडून दिले. आमचं चाक थांबलं. किरकिर थांबली की वस्तीला कळतं. दिवसाउजेडी जुंपलेली मोट मध्येच थांबते ती बैल मेला तर किंवा माणूस मेलं तर. घटकाभरात दौलतजी काठी टेकत आले, मागं सगुणाकाकू, मग एकेक करत सगळे.

"काय झालं बे? कोण गेलं?"

"कोणी नाई गेलं. वानोळा म्या विकला. बाईले माहीत नाई. बाई भाकरीबिगर दोन महिने राहिली, कारण वानोळा विकत नाईत. डोस्कं माहं होतं, न् ते चुकलं."

एवढंच. पण 'चुकलं' हा शब्द माझ्या तोंडून तोवर कोणी ऐकला नव्हता. बानं तर माझ्याकडं असं पाहिलं की मला ताप आला आहे की काय. सगुणाकाकू म्हणाली, "मंग काल बाजारात तुह्या तोंडात काय गूळ होता?" तिचं बरोबर होतं. दौलतजी काठीनं माती उकरत होते. म्हणाले, "मंग आता काय देता बाईले? पैसा तर नाई."

तेव्हा माय बोलली. माय बैठकीत कधी बोलत नसे. ती थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडतं तिथं, हंडा घासत होती, तो घासतच बोलली. "सुतार चाक नीट करते, त्याले आपण वानोळा देतो काय? हक्क देतो. चांभार मोट शिवते, त्याचा हक्क. तो त्यानं खाल्ला का विकला, कोणी जुडी उलटी करून पाहते? बाईनं आपले पोट्टे नीट केले. तिले वानोळा देल्ला, हेच चुकलं."

मग सगुणाकाकूच म्हणाली, "हक्क म्हणजे बियापासून पाह्यजे. पीक आल्यावर काढून देल्लं तर तो वानोळाच होते." तिथं ठरलं. प्रत्येक मळ्यात एक वाफा बाईंचा. त्यात जे येईल ते पहिल्या पानापासून बाईंचं, मळेवाल्यानं आपल्या मालाबरोबर विकायचं आणि पैसे हेडमास्तरांकडं पोचवायचे. पीक येईपर्यंत त्या वाफ्यांत आता उभं असलेलं बाईंचं धरायचं. बानं मान डोलवली, पण चंद्रीला पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना 'येऊ नका' असं कळवायचं त्यानं कबूल केलं नाही. म्हणाला, "बाई राह्यली तर पाहू."

शनिवारी सकाळी मी आणि सगुणाकाकू बाईंच्या दारात गेलो. पेटी बांधलेली होती. काकूनं आत जाऊन काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मी बाहेर घरमालकिणीचे टोमणे ऐकत उभा होतो. बाई बाहेर आल्या, पेटी तिथंच ठेवली, आणि माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, "चल. वाफा दाखव."

मळ्यात सगळी वस्ती गोळा झाली. बा खाटेवरून उठून आला. मी बाईंना पाण्याच्या शेवटच्या दांडाला घेऊन गेलो. कुंपणाच्या कडेला चांगला रुंद वाफा, त्यात सांभार. बाईंनी वाकून मातीचं ढेकूळ उचललं. दाबलं तर ते फुटलं नाही. त्यांनी विहिरीकडं पाहिलं, मग दांडाच्या वळणावळणानं नजर फिरवत परत इथवर आणली.

"गणपत, हा वाफा शेवटचा आहे. पाणी इथं पोचते तंवर तुहे बैल सुटते."

हक्काचं माणूस वाफा निवडून मागतं हे खरं, पण बाई मागतील असं कोणाला वाटलं नव्हतं. ज्यांनी दोन महिने मीठसुद्धा मागितलं नाही त्या बाई. बा खालच्या आवाजात म्हणाला, "पोट्टीची पाटी कुठं आहे, पाहाय वो." मायनं ऐकलं आणि ती घराकडं गेली.

बाईंनी थारोळ्याजवळच्या पहिल्या वाफ्याकडं बोट केलं. "तो."

"बाई, त्यात आमचे कांदे आहेत."

"मग काढा."

मी वाकलो आणि कांदे उपटायला लागलो.